प्लास्टरचा पोरगा, ब्राँझचा रंग

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे व्हर्जिनियात तीन महिने राहिले. ती आणि जावई ऑफिसला गेले की दिवसभर घरात करायचं काय, मग मी मेट्रो पकडून वॉशिंग्टनला जायला लागले. तिथली स्मिथसोनियनची म्युझियम्स फुकट आहेत, बसायला बाकं आहेत, कितीही वेळ बसलात तरी कोणी उठवत नाही. असंच एकदा अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये फिरता फिरता एका मुलाच्या अर्धपुतळ्यापाशी थांबले आणि त्या दिवशी मग दुसरं काही बघितलंच नाही.

दहा-बारा वर्षांचा पोरगा असेल. डोक्यावर चुरगळलेली टोपी, शर्टाची कॉलर वाकडीतिकडी, मान किंचित कललेली, आणि चेहरा असा की याने आत्ताच घरात मोठ्या माणसांची भांडणं ऐकलीयत आणि त्यातलं त्याला सगळं समजलंय. उंची जेमतेम वीतभर, मी लांबूनच वीत लावून बघितली. नाव 'गॅमिन', फ्रेंचमध्ये रस्त्यावर वाढणारं उनाड पोर. शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज, साल साधारण १९२९. आणि माध्यम काय, तर रंगवलेलं प्लास्टर.

मला ते ब्राँझच वाटलं होतं. माझं माहेर पेणचं, शाळेच्या सुट्टीत शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन तासन्‌तास बसलेली मी, साच्यातून निघालेले पांढरेफटक गणपती रांगेत वाळत ठेवलेले आणि कुठे टवका उडाला की रंगाखालचं पांढरं दिसतं हे लहानपणापासून बघितलंय, तरी मी फसले. इतकं छान रंगवलंय. पण मग डोक्यात तेच राहिलं, की एवढं चांगलं काम करणाऱ्या बाईला वीतभर पोराएवढंही ब्राँझ परवडू नये? घरी आल्यावर तिच्याबद्दल वाचायला लागले ते अजून वाचतेच आहे, आणि आज त्यातलं जमेल तेवढं इथे लिहून ठेवतेय.

आधी थोडं कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. शिल्पकार मातीत घडवतो. आत तारेचा किंवा लोखंडी सळीचा सांगाडा असतो, त्यावर माती चढवायची, काम संपेपर्यंत ओल्या फडक्याने झाकून ठेवायची, नाहीतर तडे जातात. मग त्या मातीवरून प्लास्टरचा साचा काढायचा, साचा काढताना बहुतेक वेळा आतली माती मोडते, म्हणजे हाताने जे घडवलं ते तिथेच संपतं. त्या साच्यात पुन्हा प्लास्टर ओतलं की पांढरी प्रत मिळते. इथपर्यंत खर्च फार नसतो. खरा खर्च पुढे, फाउंड्रीत, ब्राँझच्या ओतकामाचा. धातू महाग, भट्टी महाग, ओतारी माणसं कुशल, आणि मग घासणं-पॉलिश वगैरे. ज्याच्याकडे पैसे किंवा पैसे देणारा गिऱ्हाईक, त्याचं काम ब्राँझमध्ये जातं आणि शेकडो वर्षं टिकतं. बाकीच्यांचं प्लास्टरमध्ये राहतं. आणि प्लास्टर पावसात भिजतं, पडलं की फुटतं, घर बदलताना टाकून दिलं जातं. ऑगस्टाची बहुतेक सगळी कामं माती आणि प्लास्टरमध्ये आहेत, किंवा होती म्हणायला हवं.

तिचा जन्म फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज नावाच्या गावचा, २९ फेब्रुवारी १८९२. माहेरचं नाव ऑगस्टा फेल्स. चौदा भावंडांतली सातवी. गावच्या जमिनीत चांगली चिकणमाती होती, विटा पाडायच्या तिथे, आणि ही पोर त्या मातीची बदकं करायची, कोंबड्या करायची. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, कडक, बायबलमध्ये मूर्ती घडवू नका म्हटलंय तर हे पाप आहे असं त्यांचं ठाम मत. ते तिला मारायचे, आठवड्यातून चार-पाच वेळा, तिनंच पुढे सांगितलंय की माझ्यातली कला त्यांनी जवळजवळ मारूनच काढली होती. हे वाचलं आणि मला कारखान्यातल्या काकांनी हातात दिलेला पहिला शाडूचा गोळा आठवला. आपल्याकडे मूर्ती करणारं पोर म्हणजे कौतुक, आणि तिथे त्याच मातीच्या गोळ्यासाठी पाठीवर वळ.

पंधराव्या वर्षी लग्न झालं, सोळाव्या वर्षी आयरीन नावाची मुलगी झाली, थोड्याच वर्षांत नवरा गेला. १९१५ मध्ये सगळं कुटुंब वेस्ट पाम बीचला राहायला गेलं, आणि तिथे गंमत बघा, सगळी वाळूच, माती नाही. समुद्रकाठचं गाव. काही वर्षं तिचं काम बंदच पडलं होतं. मग एका भांडी घडवणाऱ्याकडे माती दिसली, त्याच्याकडून मागून आणली आणि पुन्हा सुरू. शाळेत ती इतर मुलांना मातीकाम शिकवायला लागली, रोजचा एक डॉलर मिळायचा. तिथे तिनं केलेली मेरीमातेची मूर्ती बघून म्हणे वडिलांचाही राग निवळला. १९१९ मध्ये तिथल्या जत्रेत, आपल्याकडे कृषी प्रदर्शन असतं ना तसा प्रकार, तिच्या मातीच्या प्राण्यांना बक्षीस मिळालं, २५ डॉलर. जत्रेचे व्यवस्थापक जॉर्ज ग्रॅहम करी यांनी तिला सांगितलं की तू न्यूयॉर्कला जा, आणि शिल्पकार सोलन बोर्गलम यांच्या नावाने चिठ्ठी दिली. माउंट रशमोरचे ते चार प्रचंड चेहरे माहिती असतील, ते ज्यांनी केले त्या गट्झन बोर्गलमचा हा धाकटा भाऊ.

१९२१ मध्ये ती न्यूयॉर्कला पोचली तेव्हा जवळ ४ डॉलर ६० सेंट होते. मुलीला आईवडिलांकडे ठेवून. दुसरं लग्न जेम्स सॅव्हेजशी झालेलं, तेही टिकलं नाही, पण आडनाव तिनं शेवटपर्यंत तेच लावलं. बोर्गलम यांची फी तिच्या आवाक्याबाहेरची निघाली, पण त्यांनी तिला कूपर युनियनला पाठवलं जिथे शिक्षण मोफत होतं. तिथे आधीच १४२ जण वेटिंग लिस्टवर, त्यांच्या आधी हिला प्रवेश मिळाला, काम बघूनच. चार वर्षांचा कोर्स तिनं तीन वर्षांत केला. मधे हातची नोकरी गेली, भाडं द्यायला पैसे नाहीत अशी वेळ आली तर शाळेनेच तिच्या राहण्या-जेवणाचा खर्च उचलला. माणसं होती हो चांगली, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आता जे सांगणार आहे त्यात ती कमी आहेत.

हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधली काळ्या लोकांची मोठी वस्ती, तिथे १३५ व्या रस्त्यावर लायब्ररीची एक शाखा आहे, तिथे ती तासन्‌तास वाचत बसायची. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी ओळख काढून दिली आणि तिला डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा अर्धपुतळा करायचं काम मिळालं. डु बॉइस म्हणजे कृष्णवर्णीय लोकांच्या हक्कांसाठी लढणारे त्या काळातले सगळ्यात मोठे विचारवंत. मग काळ्या लोकांच्या चळवळीचे दुसरे मोठे पुढारी मार्कस गार्वी यांचाही केला. नाव व्हायला लागलं.

आणि १९२३. पॅरिसजवळ फाँतेनब्लो नावाचा राजवाडा आहे, तिथे अमेरिकन कलाविद्यार्थ्यांसाठी उन्हाळी शाळा सुरू होणार होती, शंभर तरुणींना घेणार होते. ऑगस्टाने अर्ज केला. निवड समितीत सगळे अमेरिकन, त्यांना कळलं ही काळी आहे, आणि अर्ज नाकारला. कारण हे की दक्षिणेतल्या गोऱ्या मुली तिच्याबरोबर एका बोटीतून जायला, एकत्र राहायला तयार होणार नाहीत, आणि मग तिलाच अवघडल्यासारखं होईल. तिलाच! म्हणजे तिची काळजी म्हणून तिला नकार. हे वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याकडे वेगळ्या जातीच्या बाबतीत अगदी हाच सूर मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, "तिलाच त्रास होईल हो, आम्हाला काय", तेव्हा मला हे परकं काहीच वाटलं नाही.

बहुतेकांनी गिळून टाकलं असतं. हिने पेपरला लिहिलं. न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये तिचं पत्र छापून आलं, की मला सारखी संधीच देणार नसाल तर मी बाकीच्या अमेरिकन कलाकारांशी स्पर्धा करायची तरी कशी. प्रकरण मोठं झालं, देशभरच्या पेपरांत आलं, समितीवर दबाव आला, पण निर्णय बदलला नाही. समितीतल्या एकट्या हर्मन मॅकनील या शिल्पकाराला लाज वाटली, त्यांनी तिला आपल्या स्टुडिओत शिकायला बोलावलं आणि ती गेली. पण या भांडणाची किंमत तिनं मोजली असं मला वाटतं. कारण त्या समितीतली माणसं म्हणजे गॅलऱ्या, प्रदर्शनं, अकादम्या चालवणारी माणसं. एकदा भांडखोर असा शिक्का बसला की पुढची दारं कोण उघडणार. तरी तिच्या म्हणण्याचा रोख स्वतःपुरता नव्हता, माझ्यानंतर माझ्यापेक्षा चांगल्या काळ्या मुली अर्ज करतील, त्यांचं काय, असं तिचं होतं.

त्याच वर्षी तिसरं लग्न, रॉबर्ट पोस्टनशी. तो गार्वींच्या चळवळीतला कार्यकर्ता. पाच-सहा महिन्यांत लायबेरियाहून परत येताना बोटीवरच न्यूमोनियाने गेला. दोन वर्षांनी, १९२५ मध्ये, डु बॉइस यांच्या खटपटीने रोमच्या कला अकादमीत शिकायची स्कॉलरशिप मिळाली, पण त्यात फक्त शिक्षणाचा खर्च, जाण्यायेण्याचे आणि राहण्याचे पैसे आपले आपण उभे करायचे. ती तेव्हा मॅनहॅटनमध्ये लाँड्रीत काम करत होती, वाफेच्या लाँड्रीत, कपडे धुवायचं. तिकडे वडिलांना अर्धांगवायू, चक्रीवादळात फ्लोरिडातलं घर गेलेलं, सगळी माणसं हिच्या लहानशा घरात राहायला आलेली. रोम राहिलं. मधल्या सगळ्या वर्षांबद्दल चरित्रांमध्ये दोन-तीन ओळी असतात आणि मला नेमकं त्याच वर्षांचं वाईट वाटतं. तिशीतली शिल्पकार बाई, हात एकदम तयार, आणि ते हात दिवसभर दुसऱ्यांच्या चादरींमध्ये.

गॅमिन या गर्दीतून आलाय. तिचा भाचा एलिस फोर्ड पोझ देऊन बसला होता असं मानतात. हे कळल्यावर मला तो पुतळा आणखी आवडायला लागला. महिनोन्‌महिने घरात वावरणाऱ्या पोराचा चेहरा आहे तो, त्याची टोपी कशी असते, तो वैतागला की मान कशी करतो, हे तिला पाठच असणार. त्या काळात अमेरिकेत काळ्या मुलांची चित्रं म्हणजे काय असायचं ते बघितलंत तर अंगावर काटा येतो, जाहिरातींत, खेळण्यांत, मोठे ओठ, बटबटीत डोळे, हसण्यासाठी केलेली. आणि हिने काय केलं, तर एक मुलगा केला. त्याचं नाक त्याचं आहे, ओठ त्याचे आहेत, आणि तो कोणाला हसवायला बसलेला नाही. १९२९ मध्ये ऑपॉर्च्युनिटी नावाच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर तो आला आणि ह्या वीतभर पोरानेच तिला युरोपला नेलं. रोझनवाल्ड फंडाची फेलोशिप मिळाली, प्रवासाला आणि कपड्यांना पैसे कमी पडत होते तर हार्लेममधल्या लोकांनी पार्ट्या करून वर्गणी काढली. ज्या पॅरिसजवळ जायला सहा वर्षांपूर्वी नाही म्हटलं होतं तिथे ती १९२९ मध्ये गेली, ग्रांद शोमिएर अकादमीत शिकली, तिथल्या सलाँ प्रदर्शनांत तिची कामं लागली. जवळपास दोन वर्षं राहिली, नंतर कार्नेगीच्या पैशावर फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी फिरून आली.

परत आली तर अमेरिकेत महामंदी. पुतळे कोण करून घेणार, लोकांना ब्रेड मिळत नव्हता. मग १४३ व्या रस्त्यावर एका तळघरात तिनं स्टुडिओ काढला आणि शिकवायला लागली. येईल त्याला, मुलं, मोठी माणसं, पैसे असोत नसोत. मला वाटतं शिकवणं तिला वेस्ट पाम बीचच्या शाळेपासूनच आवडत होतं, नाइलाज म्हणून नव्हे. तिच्याकडे कोण कोण येऊन गेलं बघा. नॉर्मन लुईस, विल्यम आर्टिस, अर्नेस्ट क्रिचलो, ग्वेंडोलिन नाइट. केनेथ क्लार्क नावाचा एक विद्यार्थी तिच्याकडे मातीकाम करायचा, तो पुढे मानसशास्त्रज्ञ झाला, त्याने आणि त्याच्या बायकोने काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या घेऊन लहान मुलांवर प्रयोग केले आणि १९५४ साली शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात त्या कामाचा आधार घेतला गेला. १९३४ मध्ये ती राष्ट्रीय स्त्री चित्रकार-शिल्पकार संघटनेवर निवडून आली, पहिली कृष्णवर्णीय कलाकार.

जेकब लॉरेन्सची गोष्ट तर मला फार आवडते. गरीब घरचा, घरातल्यांना वाटायचं पोस्टात चिकटावं आणि सुखी व्हावं. सरकारने तेव्हा मंदीत बेकार कलाकारांना पगारावर ठेवायची योजना काढली होती, डब्ल्यूपीए म्हणायचे तिला. ऑगस्टा त्याला हाताला धरून त्या ऑफिसात घेऊन गेली, तिथे सांगितलं वय कमी आहे, एकवीस लागतं. झालं, तो विसरून गेला. ही विसरली नाही. वर्षभराने त्याला एकवीस पूर्ण झाल्यावर पुन्हा शोधून घेऊन गेली आणि नाव लावलं. आठवड्याला तेवीस डॉलर शहाऐंशी सेंट, चित्रं काढायचे. तो पुढे अमेरिकेतला फार मोठा चित्रकार झाला आणि आयुष्यभर सांगायचा की ती नसती तर मी कलाकार झालोच नसतो. आमच्या शाळेत एक चित्रकलेच्या बाई होत्या, इंटरमिजिएटच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती आणि मी आजारी, तर बाई फॉर्म घेऊन घरी आल्या होत्या सहीसाठी. हे मला त्या वेळी विशेष वाटलं नव्हतं.

१९३७ मध्ये हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर निघालं, लेनॉक्स अव्हेन्यू आणि १२५ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, आणि ऑगस्टा त्याची पहिली डायरेक्टर. उद्‌घाटनाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आल्या होत्या. हजाराच्या वर लोक तिथे शिकायला यायचे, चित्रकला, शिल्प, छपाई, शिवण, सगळं. आणि त्याच सुमारास तिला तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं.

न्यूयॉर्कला १९३९ चं जागतिक प्रदर्शन भरणार होतं, क्वीन्समध्ये फ्लशिंग मेडोजला. तिथे एक मोठं शिल्प कर म्हणून तिला सांगण्यात आलं, विषय होता कृष्णवर्णीयांनी संगीताला काय दिलं. प्रदर्शनासाठी असं काम मिळालेली ती एकटीच काळी स्त्री कलाकार. तिनं आधार घेतला 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' या गाण्याचा. जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी ते १९०० साली लिहिलं, चाल त्यांच्या भावाची, जॉन्सन बंधूही फ्लोरिडातलेच, आणि कृष्णवर्णीय अमेरिकन लोक ते आपलं राष्ट्रगीतच मानतात. ते शिल्प प्रदर्शनात लागायच्या आधीच, १९३८ मध्ये, जॉन्सन अपघातात गेले.

फोटो मिळतात, जरूर बघा. सोळा फूट उंच. एक हार्प आहे, तंतुवाद्य, पण तारांच्या जागी बारा गाणारी माणसं, उंचीनुसार उतरत गेलेली, अंगात पायघोळ झगे, त्या झग्यांच्या सरळ खाली येणाऱ्या चुण्या म्हणजेच तारा. सगळ्यांची तोंडं गाताना उघडलेली. आणि खालचा वाद्याचा भाग आहे तो एक मोठा हात, कोपरापासून बोटांपर्यंत, देवाचा हात, त्या हातावर ती सगळी उभी. समोर एक तरुण गुडघा टेकून बसलाय, त्याच्या हातात गाण्याचा कागद. मी चित्रकलेची तज्ज्ञ नाही पण एवढं नक्की सांगते की चुण्यांच्या तारा करणं हे डोक्याने सुचत नाही, कित्येक रविवार चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून गाणाऱ्यांकडे बघत राहिलेल्या माणसालाच ते दिसतं. ज्या वडिलांनी मूर्ती करते म्हणून मारलं त्यांच्याच चर्चमधून हे आलंय असं मला वाटतं.

प्रदर्शनवाल्यांनी नाव बदलून नुसतं 'द हार्प' केलं. म्हणजे गाणं गेलं, वाद्य राहिलं. तरी लोकांना ते प्रचंड आवडलं, दोन सीझनमध्ये चार कोटींहून जास्त माणसं प्रदर्शन बघून गेली, त्याची पोस्टकार्डं विकली गेली, छोट्या धातूच्या प्रतिकृती विकल्या गेल्या, फूटभरापेक्षाही लहान.

आणि मूळ शिल्प कशाचं होतं? प्लास्टरचं. वरून काळा रंग, बसाल्टसारखा दिसावा म्हणून, आपल्या सह्याद्रीचा दगड तोच.

प्रदर्शन १९४० मध्ये संपलं. सोळा फुटी शिल्प ब्राँझमध्ये ओतायचं तर पैसे हवेत, ओतायचं नसेल तर कुठेतरी हलवून ठेवायला जागा हवी, त्यालाही पैसे. ऑगस्टाकडे दोन्ही नव्हतं, आणि दुसरं कोणी पुढे आलं नाही. बाकीच्या तात्पुरत्या इमारतींबरोबर त्यावर बुलडोझर फिरवला.

मी हे इथे लिहून थोडा वेळ उठून गेले होते. पेणला आम्ही विसर्जन बघतच मोठे झालो, मूर्ती जाणार हे करतानाच माहीत असतं, करणाऱ्यालाही आणि नेणाऱ्यालाही, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून तिला निरोप देतात. तसं हे नव्हतं. हे टिकावं म्हणून केलेलं होतं. चार कोटी लोकांपैकी, त्या शहरात त्या काळी जेवढे धनाढ्य होते त्यांच्यापैकी, एकालाही वाटू नये की हे ओतून घेऊया? त्या छोट्या प्रतिकृती आज कुठे कुठे जपून ठेवल्यात. प्रतिकृती धातूच्या होत्या म्हणून टिकल्या.

असंच तिचं 'रिअलायझेशन' नावाचं एक शिल्प होतं १९३८ चं, बसलेली एक बाई आणि तिला टेकून खाली बसलेला पुरुष, दोघंही कुठेतरी समोर बघतायत, काहीतरी उमगल्यासारखी. तेही गेलं. एक फोटो आहे, त्यात ऑगस्टा स्वतः त्याच्या शेजारी उभी आहे. तिच्या कामांपैकी किती आज फोटोवरच बघावी लागतात.

शिल्पासाठी तिनं आर्ट सेंटरमधून रजा घेतली होती, परत आली तर खुर्चीवर दुसरं कोणीतरी. मग १९३९ मध्ये स्वतःची गॅलरी काढली, हार्लेममध्येच, फक्त कृष्णवर्णीय कलाकारांची कामं विकायला. उद्‌घाटनाला पाचशेवर लोक आले, बघून गेले, विकत घेणारे फार थोडे. काही महिन्यांत बंद.

१९४५ मध्ये ती शहर सोडून सॉगर्टिजला गेली, न्यूयॉर्क राज्यातच वर कॅटस्किलच्या डोंगरांकडे. जुनं शेतघर, सुरुवातीला वीज नाही, नळ नाही. कोंबड्या पाळल्या, कबुतरं पाळली, भाज्या लावल्या. जवळ मशरूमचं उत्पादन करणारी कंपनी होती, तिच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नोकरी केली. उन्हाळ्यात आसपासच्या मुलांना मातीकाम शिकवायची. थोडे अर्धपुतळेही केले. तिथले लोक तिला शेजारीण म्हणून ओळखायचे, आपली शेजारीण कधीकाळी पॅरिसच्या सलाँमध्ये होती हे कितीजणांना माहीत असेल कोण जाणे. शेवटी आजारी पडल्यावर मुलीकडे, आयरीनकडे न्यूयॉर्कला आली, आणि २६ मार्च १९६२ ला कॅन्सरने गेली. सत्तर वर्षांची होती.

तिचं एक म्हणणं सगळीकडे दिलेलं असतं. की मी खरंच सुंदर, खरंच टिकणारं असं काही केलं नाही, पण या मुलांपैकी एकाच्याही अंगातला गुण फुलवायला मदत झाली तर माझं स्मारक त्यांच्या कामात असेल. हे लोक फार प्रेमाने सांगतात, भिंतीवर लावतात. मला मात्र ते वाचून त्रास होतो. पहिल्या वाक्याशी मी सहमत नाही. तिनं टिकणारं केलं नाही असं नाहीये, तिचं टिकू दिलं नाही. मातीत जे घडवायचं ते तिनं घडवलं, पुढचं ओतकाम हे काही एकट्या शिल्पकाराने करायचं काम नाही, त्याला नगरपालिका लागते, श्रीमंत माणूस लागतो, म्युझियम लागतं. ते कोणी आलं नाही. आणि मग दोष तिनं स्वतःकडे घेतला, असं मला ते वाक्य वाटतं. दुसरं वाक्य मात्र शंभर टक्के खरं.

आता थोडं थोडं होतंय. सॉगर्टिजच्या त्या घराला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, रस्त्याला तिचं नाव दिलंय. २०१८ मध्ये जॅक्सनव्हिलच्या कमर म्युझियमने तिचं मोठं प्रदर्शन भरवलं, ते मग न्यूयॉर्कलाही गेलं, आणि तिच्या शिल्पांबरोबर तिच्या विद्यार्थ्यांची कामंही मांडली होती. मी ते बघितलेलं नाही, पुस्तकातले फोटोच बघितलेत.

परत यायच्या आदल्या आठवड्यात लेकीला घेऊन पुन्हा गॅमिन बघायला गेले. ती म्हणाली, "आई, हा तर आपल्या दादासारखाच बघतोय, मार खाल्ल्यावर बघायचा तसा." खरंच तसाच. मग आम्ही म्युझियमच्या दुकानात बसून त्यांच्या संग्रहाचं पुस्तक चाळत होतो तर जेकब लॉरेन्सचं १९६० चं एक चित्र दिसलं, 'द लायब्ररी'. पिवळ्या-तपकिरी रंगात एक हॉल, टेबलांवर वाकून, उभ्याने, जिथे जागा मिळेल तिथे वाचत बसलेली काळी माणसं, कोणाचंच लक्ष दुसऱ्याकडे नाही. ही हार्लेममधली १३५ व्या रस्त्यावरची लायब्ररी असावी असं मानतात, जिथे ऑगस्टा न्यूयॉर्कला आल्या आल्या जाऊन बसायची. मी लेकीला म्हटलं, बघ यात कुठे दिसते का, आणि आम्ही दोघी एकेक बाई बोट ठेवून बघत बसलो.